आपोआप

गुडघ्यावर फटका बसला तेव्हा ती ओरडली, आणि ओरडल्यावर तिला आधी लाजच वाटली. मागे पॅनलपाशी बसलेला वायरमन ताडकन उठून पुढे आला. त्याला सगळे वायरमन म्हणत, पण वायरींशी त्याचा फारसा संबंध नव्हता. सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवरच्या त्या बंद डब्यातलं खोटं विमान, चालू-बंद करणं आणि शिकवणारे सांगतील ते बिघाड त्यात घालणं, हे त्याचं काम. "लागलं का मॅडम?" "नाही रे," असं म्हणून ती गुडघा चोळत राहिली. समोरच्या पडद्यावर जिथे आकाश असायला हवं होतं तिथे जमीन होती. तपकिरी, हिरवी, ठिगळं लावलेली, आणि थिजलेली, कारण खोटं विमान आदळलं की चित्र जिथल्या तिथे थांबतं. आज शिकायला आलेले दोघे लवकर आटपून कँटीनमध्ये गेले होते, डबा रिकामाच होता, म्हणून ती सहज म्हणाली होती, चल, नव्या विमानाचा तो बिघाड घाल बघू, मी घेऊन बघते. सहजच. नव्या विमानात एक व्यवस्था होती. नाक फार वर गेलंय असं वाटलं की ती वैमानिकाला न विचारता शेपटीचा पंख फिरवायची आणि नाक खाली ढकलायची. नाक वर गेलंय हे तिला सांगायचं बाहेर बसवलेलं एक लहानसं पातं. ते पातंच बिघडून भलतंसलतं सांगायला लागलं, तर ही आपली त्याच्यावर विश्वास ठेवून ढकलतच राहायची. त्यावर उपाय होता. पंख फिरवणाऱ्या मोटरचे दोन स्विच बंद करायचे आणि मग दोघा वैमानिकांच्या गुडघ्यांमध्ये असलेलं, पंखाबरोबर फिरणारं चाक हाताने फिरवून पंख परत जागेवर आणायचा. हा उपाय ती स्वतःच शिकवायची. शिकवायची म्हणजे टॅब्लेटवरचा धडा उघडून हातात द्यायची. चहा गार व्हायच्या आत संपणारा धडा. जुनं विमान चालवणाऱ्याला नव्यावर बसायला तेवढंच आवश्यक होतं. सिम्युलेटरमध्ये बिघाड घेऊन बघणं आवश्यक नव्हतं, म्हणून कुणी बघत नव्हतं, आणि तिनेही आजवर बघितलं नव्हतं. आज तिला माहीत होतं काय होणार ते. तिनेच तर मागवलं होतं. स्विच तिने बंद केले, बरोबर क्रमाने केले, पण तोवर विमानाने खाली तोंड करून असा वेग घेतला होता की चाक हलेना. पलीकडून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं हलेना. दोन्ही हातांनी ओढता ओढता स्विच परत चालू करावेत असं तिला वाटलं, तिने केले, आणि चाक गरकन फिरून त्याची मूठ गुडघ्यावर बसली. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं मॅडम," वायरमन समजुतीच्या सुरात म्हणाला. "सगळ्यांचं म्हणजे कुणाचं?" तिने विचारलं. तो जरा गोंधळला. "म्हणजे, अजून कुणी घेतलंच नाही म्हणा."

जिना उतरताना तिने एका हाताने कठडा धरला होता. तो ती एरवीही धरायची, कानामुळे. आत कुठेतरी, जिथे माणसाचा तोल ठरतो, तिथे तिचं काहीतरी कायमचं बिनसलं होतं, आणि कधी जिन्यावर, कधी भाजीच्या दुकानात एकाएकी जमीन डावीकडे कलायची. जमीन कलत नाही हे तिला कळायचं, पण शरीर ऐकायचं नाही. न पडणाऱ्या माणसाला सावरायला ते उजवीकडे झोकून द्यायचं, आणि त्या सावरण्यानेच ती पडायची. डॉक्टरांनी तिला एका खुर्चीत बसवून गरगर फिरवलं होतं आणि खुर्ची थांबवून तिच्या डोळ्यांत बॅटरी मारली होती. खुर्ची थांबली होती, डॉक्टरांचा टाय स्थिर होता, आणि तिची बुबुळं मात्र आपल्या मनाने एका बाजूला सरकत होती, पुन्हा जागेवर येत होती, पुन्हा सरकत होती. "हे तुम्ही करत नाही आहात," डॉक्टर म्हणाले होते, धीर द्यायला. त्या दिवसापासून ती उडत नव्हती. तिच्या जागी डावीकडच्या, कॅप्टनच्या खुर्चीत तिचा नवरा बसायला लागला, म्हणजे तिच्याच खुर्चीत असं नाही, पण तिला तसंच वाटायचं. लग्नाआधी तो तिचा सहवैमानिक होता. तिने विमान वर नेलं की उजवीकडून हळूच म्हणायचा, "कॅप्टन, चहा सांगू का?" आणि अजूनही घरात तिला कॅप्टनच म्हणायचा, विशेषतः चूक त्याची असली की. तिला त्याचे हात पाठ होते. उतरताना उजव्या हाताची बोटं थोडी वर उचलून धरायची सवय, जणू गरम भांड्याला हात लावतोय. आता या घटकेला ते हात कुठे असतील? तिने घड्याळ बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. त्याची वेळ तिच्या अंगात होती. तो आता वर होता. नव्या विमानात. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती उभी राहिली, आणि पायरी संपली आहे हे पायाला पटेपर्यंत कठडा सोडेना.

घरी आल्यावर सासूबाईंनी नेहमीसारखं विचारलं, "उतरला का गं तो?" मुलगा उडायला लागल्यापासून त्या हा प्रश्न विचारत आल्या होत्या. पूर्वी तो मुलाबद्दल असायचा आणि सुनेबद्दलही असायचा, आता नुसता मुलाबद्दल. विमानाबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच होतं की एवढी जड वस्तू वर राहते हे काही बरोबर नाही, पण तुम्ही शिकलेली माणसं, तुम्ही काहीतरी करत असाल. "उतरेल आता," ती म्हणाली. मग उतरल्याचा फोन आला, आणि रोज जिवात जीव यायचा तसा आज आला नाही. आला आणि दारातच थांबला. संध्याकाळी तो आला, बॅग टेकवली, तिचं लंगडणं बघून म्हणाला, "कुणाला लाथ मारलीस?" तिने सांगितलं. सगळं सांगितलं. तो कपाट उघडं ठेवून शर्टाची बटणं काढत ऐकत होता. मग म्हणाला, "अगं, सिम्युलेटरमध्ये मेलेला माणूस कँटीनमध्ये जाऊन चहा पितो. तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"  तिच्या न बोलण्याला तो नेहमीच घाबरायचा. "बरं, मी येतो," तो म्हणाला. "मला दाखव. नाहीतरी परवा सुट्टी आहे. बायकोबरोबर बाहेर गेलो नाही कित्येक दिवसांत."

तो आला तेव्हा वायरमनने खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या, पाहुणे आल्यासारखं. नवरा डावीकडे बसला, ती उजवीकडे, आणि पट्टा बांधताना तिला बरं वाटलं, लाज वाटावी इतकं बरं वाटलं, कारण ते दोघे असे शेजारी बसून किती दिवस झाले होते. पडद्यावर खोटी दुपार होती. त्याने खोटं विमान खऱ्यासारखं हळुवार उचललं, बोटं वर धरून, आणि ढगाच्या एका विरळ पदरातून जाताना म्हणाला, "कॅप्टन, चहा सांगू का?" तेवढ्यात खुर्चीखाली खडखडाट सुरू झाला, हातातला दांडा थरथरायला लागला, तांबडे दिवे लागले, एक बाईचा आवाज एक सांगू लागला आणि एक घंटा दुसरंच, आणि या सगळ्या कल्लोळात ते चाक, मधलं, अगदी शांतपणे फिरायला लागलं. नाक खाली गेलं. त्याने दांड्यावरचं बटण अंगठ्याने दाबून ते परत आणलं. चाक थांबलं. "हं," तो म्हणाला. चाक पुन्हा फिरायला लागलं. त्याने पुन्हा आणलं.  बोलायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि स्विच, स्विच, असं तिच्या ओठांवर येऊन परत जात होतं. तिला दिसत होतं की त्याचे डोळे घड्याळांवरून फिरताहेत, वेगावर, उंचीवर, पुन्हा वेगावर, जसं घरात धूर झाल्यावर माणूस या खोलीतून त्या खोलीत जातो आणि प्रत्येक खोलीत आपण कशाला आलो ते विसरतो. त्याला स्विच आठवले तेव्हा उशीर झाला होता. "चाक!" तो ओरडला, आणि दोघांनी मिळून चाक धरलं. त्याचा हात तिच्या हातावर होता, ओला. नवराबायकोने मिळून ओढूनही ते तसूभर सरकलं आणि थांबलं. मग पडद्यावर ती ठिगळांची जमीन आली आणि थिजली. घंटा बंद झाल्या. आत नुसता पंख्याचा आवाज राहिला. वायरमन मागे खाकरला. "पुन्हा," नवरा म्हणाला. पुन्हा तेच झालं. तो म्हणाला, "पुन्हा." आणि तिसऱ्या वेळी चाकाने पहिली गिरकी घेतली न घेतली तोच त्याने स्विच खटाखट बंद केले, आणि विमान जरा अडखळून नीट झालं, समोर आकाश राहिलं. "जमलं!" तो तिच्याकडे वळून म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की तिला बघवेना. कारण तिने बघितलं होतं. या खेपेला उचलल्यापासून त्याचा हात स्विचवरच ठेवलेला होता. खऱ्या विमानात तिथे कुणाचा हात नसतो. खऱ्या विमानात हात मांडीवर असतो, किंवा पेल्यावर, किंवा कुणाशी बोलता बोलता हवेत. "जमलं ना?" त्याने पुन्हा विचारलं. "जमलं," ती म्हणाली.

परतताना गाडी तो चालवत होता आणि रेडिओ लावला नव्हता. सिग्नलला थांबल्यावर त्याने दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा वर ठेवले. तिला वाटलं आता तो म्हणेल, मी हे विमान नाही चालवणार. त्याने तसं म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि म्हणाला तर काय, हेही वाटत होतं. असं म्हणता येत नाही. कारण काय सांगणार? पुस्तकात जे आवश्यक लिहिलंय ते झालेलं आहे, माणूस पात्र आहे, विमान पात्र आहे, मग तुम्हाला काय होतंय? "मी नाही गेलो," तो एकदम म्हणाला, जणू तिने विचारलंच होतं, "तर माझ्या जागी दुसरा जाईल. त्याने तर हे बघितलेलंही नाही." सिग्नल हिरवा झाला होता, मागचा हॉर्न देत होता. "मी निदान बघितलंय," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी ती प्रशिक्षणप्रमुखांकडे गेली. ते तिच्याहून वयाने लहान, एके काळी तिच्याच हाताखाली शिकलेले, म्हणून तिला बघून अजून अर्धवट उठायचे आणि मग आपण प्रमुख आहोत हे आठवून बसायचे. तिने सांगितलं की नव्या विमानावर जाणाऱ्या प्रत्येकाला हा बिघाड एकदा तरी हाताने घ्यायला लावा. धड्याने होत नाही. मी केलं, नाही जमलं. माझ्या नवऱ्याने केलं, नाही जमलं. प्रमुखांनी टेबलावरची पिन उचलून पिनांच्या डबीत टाकली. "मॅडम, मी वर विचारलं होतं," ते म्हणाले. "पहिल्याच महिन्यात. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. उत्तर आलं की आवश्यक नाही. जेवढं आवश्यक, तेवढं आवश्यक. त्याच्या पलीकडे जे काही आहे ती आपली हौस." "हौस?" "शब्द माझा नाही." ते खिडकीकडे बघायला लागले. "प्रत्येकाला डब्यात बसवायचं तर विमानं उभी राहतील. उभी का आहेत म्हणून विचारतील. एवढं शिकवावं लागतं तर विमानात काय आहे असं विचारतील. तो प्रश्न कुणालाच नकोय. मला सांगा, मी काय करू? सांगा ना, तुम्ही म्हणाल ते करतो." त्यांनी हे मनापासून विचारलं होतं. भांडायला आलेल्या माणसासमोर दुसऱ्याने आधीच हात टेकून ठेवले असले की आपले हात कुठे ठेवायचे ते कळत नाही. ती उठली. ते अर्धवट उठले.

मग ती प्रत्येक सत्राच्या शेवटी, वेळ उरवून, शिकणाऱ्यांना तो बिघाड द्यायला लागली. आपल्या जबाबदारीवर. मुलं यायची, मुली यायच्या, हसत बसायची, आणि उठताना एकमेकांकडे न बघता उठायची. एक मुलगी जिन्यावर थांबून म्हणाली, "मॅडम, हे आम्हाला का दाखवलंत? आता आम्ही काय करायचं?" तिच्या आवाजात राग होता, आणि तो राग रास्त होता. त्या मुलीला ती एवढंच म्हणाली, "हात जवळ ठेवायचा." घरी ती नवऱ्यालाही हेच सांगायची. तो बॅग उचलायचा, आईच्या पाया पडायचा, आणि ती दारात म्हणायची, "हात जवळ ठेव." "हो गं." त्याने काही दिवस खरंच ठेवला. मग एकदा जेवताना म्हणाला, "नाही ठेवता येत. सारखा तिथेच हात ठेवला की बाकीचं राहून जातं. परवा उंची हुकली माझी, थोडीच, पण हुकली." तिने पुढे सांगणं सोडलं. आणि एक दिवस वायरमन पॅनलवर बोट फिरवत म्हणाला, "मॅडम, ते दिसत नाहीये." बिघाडांच्या रांगेत त्या बिघाडाची जागाच उरली नव्हती. वरचं त्याच्या खालच्याला चिकटून बसलं होतं. "सिम्युलेटरची नवीन आवृत्ती आली काल," तो म्हणाला. "आपोआप येते ती." तिने त्याला दोष दिला नाही. ती खुर्चीत बसून राहिली, आणि डबा स्थिर असताना, सगळं बंद असताना, जमीन हळूहळू डावीकडे कलायला लागली. तिने डोळे मिटले. मिटल्यावर ते आत सरकताना तिला कळत होतं. हे मी करत नाही आहे, तिने स्वतःला सांगितलं, आणि त्याने काही थांबलं नाही, थांबायचं तेव्हा थांबलं.

आणि मग ती दुपार. ती घरी होती, सासूबाईंच्या चष्म्याचा निखळलेला स्क्रू बसवत टेबलाशी बसली होती, तेव्हा तो आला. वेळेआधी. फोन न करता. बॅग दारात सोडून तो सरळ आत आला, बूट न काढता, आणि तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्याचा रंग गेलेला होता. तिने स्क्रू बशीत ठेवला. "झालं," तो म्हणाला. "काय?" "तेच." तो समोर बसलेला आहे, पुरा आहे, हे दिसत असूनही तिने हात पुढे करून त्याचं मनगट धरलं. उतरायच्या आधी, त्याने सांगितलं, सगळं छान होतं, हवा स्वच्छ होती, सहवैमानिक त्याच्या बहिणीच्या लग्नाचं काहीतरी सांगत होता. चाक फिरायला लागलं. नाक खाली गेलं. मागे भांडी पडल्याचा आवाज आला, कुणीतरी किंचाळलं. "आणि?" "आणि थांबलं." "तू स्विच बंद केलेस." "नाही." "मग अंगठ्याने..." "काही नाही गं. मी काहीच केलं नाही. मी बघत होतो. चाक फिरत होतं आणि मी ते बघत होतो, आणि माझ्या मनात आलं की अरे, हे तेच आहे. एवढंच आलं. माझा हात मांडीवर होता. तो उचलायचा असतो हे मला माहीत होतं. मग ते आपोआप थांबलं." त्याने मांडीवरच्या हाताकडे बघितलं. "जसं सुरू झालं तसंच."

सासूबाई आतल्या खोलीत निजल्या होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. नवऱ्याने तोंडावरून हात फिरवला. "नंतर सहवैमानिक म्हणाला, सर, पकडलंत तुम्ही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हणालो, हो." "का?" "उतरायचं होतं अजून. त्याला उतरायचं होतं माझ्याबरोबर." उतरल्यावर त्या पोराने सगळ्यांना सांगितलं. विमान बाजूला घेतलं, तपासलं, काही सापडलं नाही. सगळ्यांनी येऊन हात मिळवले. एका बाईने तर त्याचा हात डोळ्यांना लावला. हे सांगताना तो तोच हात मांडीवर पालथा ठेवून बसला होता. "तू प्रमुखांना सांग," ती म्हणाली. "आत्ता सांग. खरं सांगितलंस तर त्यांना ऐकावं लागेल. एवढा जुना माणूस, आधी सराव केलेला माणूस, आणि त्याच्याने हात उचलवला नाही म्हटल्यावर त्यांना सगळ्यांना डब्यात बसवावंच लागेल." हे बोलताना तिला कळत होतं की आपण त्याला काय करायला सांगतो आहोत. असं सांगितल्यावर त्याला पुन्हा कुणी उडू देणार नव्हतं. तिला वाटलं, नाही दिलं तर बरंच. लगेच वाटलं, आपण हे कुणासाठी म्हणतोय? तो तिच्याकडे बघत होता, आणि त्यालाही ते कळलेलं होतं. त्याने हो म्हणून मान हलवली.

फोन आधी प्रमुखांचाच आला. त्याने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला, तिलाही ऐकू यावं म्हणून. "अभिनंदन!" प्रमुखांचा आवाज आनंदाने फुटत होता. "अहो, काय सांगू तुम्हाला, वरून फोन आला मला. मी म्हटलं बघा, आमची माणसं. मॅडम आहेत का तिथे? मॅडम, तुम्ही उगीच काळजी करत होतात. बघितलंत ना? आपण शिकवतो तेवढं पुरतं." "सर," नवरा म्हणाला, "मी काही केलं नाही." "हं?" "मी स्विचला हात लावला नाही. ते आपोआप सुरू झालं आणि आपोआप थांबलं. मी नुसता बसून होतो. मला काहीच करता आलं नाही." ती टेबलाची कड घट्ट धरून पुढे वाकली. मग प्रमुख हसले, मायेने हसले. "हेच ते," ते म्हणाले. "हेच मी वर सांगणार आहे. एवढं करूनही माणूस म्हणतो, मी काही केलं नाही. अहो, हा विनय शिकवून येत नाही." "सर, ऐका, मी खरंच..." "आराम करा. घरच्यांबरोबर बसा. थकला असाल." "सर, विमानातलं नोंदयंत्र उघडून बघा," ती ओरडली, "त्यात दिसेल!" "विमान सुखरूप उतरलंय, मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, त्या खिडकीकडे बघतानाचा. "सुखरूप उतरलेल्या विमानाचं यंत्र कोण उघडतं?" आणि फोन बंद झाला.

दोघे बसून राहिले. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा फवारा पत्र्यावर वाजत होता. थोड्या वेळाने तो बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला, जणू खाली गेल्यावर काय करायचं होतं ते विसरला. ती खुर्चीवरून उतरली, त्याच्यासमोर जमिनीवर बसली आणि त्याच्या नाड्या सोडायला लागली. आधी एका पायाची, मग दुसऱ्या. तो तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे बघत होता.

"उद्या आहे का?" तिने विचारलं.

"सकाळची."

"कुठलं विमान?"

"विचारलं नाही," तो म्हणाला.